चारशे वॅटचा डबा

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घरी माझ्या गुन्ह्यांची वार्षिक सुनावणी असते. माळ्यावरचं एकेक खोकं खाली येतं, बायको ते उघडते, आतली वस्तू दोन बोटांत धरून विचारते, "हे कशाला ठेवलंय?" आणि मी दरवर्षी देतो ते उत्तर देतो, "लागतं कधीतरी." यंदा त्या खोक्यात फ्लॉपीची एक डबी निघाली, माऊसचे दोन रबरी गोळे निघाले आणि जुन्या बेडशीटच्या तुकड्यात गुंडाळलेला एक पत्र्याचा डबा निघाला. कॉम्प्युटरचा एसएमपीएस. म्हणजे भिंतीतल्या प्लगमधून येणारी वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा डबा. त्यावर एक स्टिकर होतं आणि स्टिकरवर मोठ्या अक्षरांत ४०० वॅट.

हा मात्र टाकून दे म्हणायची कोणाची टाप नव्हती. तो का ठेवलाय ते बायकोला माहीत आहे. नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांना माहीत नाही, म्हणून हे लिहितोय.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात पोराच्या कॉम्प्युटरमधली धूळ काढायला मी त्याचाही एसएमपीएस बाहेर काढला होता. २०२१ साली घेतलेला, ४५० वॅटचा. महागातला नाही, बजेटमधलाच. मग दोन्ही डबे डायनिंग टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आकार जवळजवळ सारखा, स्क्रूची भोकं त्याच जागी. वीस वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटमध्ये नवा डबा सहज बसेल. पण हातात घेतले तेव्हा फरक कळला. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. जुना पाऊण किलोच्या थोडा वर, नवा दीड किलोच्याही पुढे. स्टिकरवर फरक पन्नास वॅटचा आणि वजनात दुपटीचा. हा काय प्रकार आहे ते सांगायचं तर २००३ मध्ये जावं लागेल.

त्या काळात मी आमच्या खानदानाचा अधिकृत कॉम्प्युटर जोडणारा होतो. नुकतीच नोकरी लागलेली, ब्रँडेड कॉम्प्युटर कोणालाच परवडत नव्हता, आणि 'असेंबल्ड घ्या, मी करून देतो' हे माझं ठरलेलं वाक्य होतं. आत्याकडे, मोठ्या मामांकडे, अमरावतीच्या मावशीकडे, शेजारच्या सरांकडे... एकूण अकरा कॉम्प्युटर मी जोडले. बर्डीवर जायचं, चार दुकानांतून कोटेशन घ्यायचं, एकाचा भाव दुसऱ्याला सांगून पन्नास रुपये पाडायचे, आणि रिक्षात सगळी खोकी मांडीवर घेऊन घरी यायचं. त्यानंतर घरातली सगळी मंडळी भोवती बसलेली आणि मी स्क्रूड्रायव्हर घेऊन मधोमध. सत्यनारायणाच्या गुरुजींनासुद्धा एवढा मान मिळत नसेल. :)

लोक विचारायचे ते प्रश्न ठरलेले. किती जीबीची हार्डडिस्क? रॅम किती? पेंटियम आहे ना? एसएमपीएस कोणता, हे अकरापैकी एकानंही विचारलं नाही. विचारणार तरी कसे, तो वेगळा विकतच घ्यायचा नसे. 'कॅबिनेट विथ एसएमपीएस' अशी एकच ओळ कोटेशनमध्ये असायची. अकराशे, साडेअकराशे रुपये. समोर निळा दिवा लागणारं कॅबिनेट असेल तर शंभर जास्त. आतला डबा फुकटात आल्यासारखाच. चांगला एसएमपीएस वेगळा घ्यायचा तर नऊशे रुपये वर पडायचे. मी एकदा दुकानदाराला विचारलंही होतं की हा साधा चालेल ना. तो म्हणाला, "काऊन टेन्शन घेऊन राह्यला भाऊ? चारशे वॅट लिहिलंय ना त्याच्यावर." मी टेन्शन घेतलं नाही.

आता हा डबा करतो तरी काय, ते थोडक्यात. प्लगमधून येते ती २३० व्होल्टची एसी वीज, सेकंदाला पन्नास हेलकावे खाणारी. कॉम्प्युटरला हवी असते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी, एकदम स्थिर. जुन्या रेडिओत हे काम लोखंडी ट्रान्सफॉर्मर करायचा. पण चारशे वॅटसाठी तसा ट्रान्सफॉर्मर घेतला तर तो काही किलोंचा होईल. एसएमपीएसची युक्ती वेगळी. तो आधी एसीचं डीसी करतो, सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास, मग ट्रान्झिस्टरनं ते सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि एका छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे पाठवतो. टाकीतलं पाणी पिंपात न्यायचं आहे असं समजा. पन्नास फेऱ्या मारायच्या असतील तर मोठी बादली लागते. पन्नास हजार फेऱ्या मारता येत असतील तर चहाचा कप पुरतो. फक्त तो कप नेणारा माणूस थकायला नको आणि त्याचा हात हलायला नको.

ही युक्ती घरगुती कॉम्प्युटरमध्ये गाजली ती १९७७ च्या ॲपल टूमुळे. रॉड होल्ट या इंजिनिअरनं त्याचा सप्लाय केला होता. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, त्याचा सप्लाय ६३.५ वॅटचा होता. त्रेसष्ट पूर्णांक पाच! तो अर्धा वॅट बघा. अर्धा वॅट कोण लिहितो? ज्यानं मोजलंय तो. १९८४ च्या आयबीएम एटीचा सप्लाय १९२ वॅटचा. तोही आकडा दोनशे करून टाकायचा मोह झालेला दिसत नाही.

या एटी जातीचे कॉम्प्युटर आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आले. ज्यांनी ते उघडलेत त्यांना 'काळ्याला काळी' हा मंत्र आठवत असेल. मदरबोर्डला दोन सारखेच कनेक्टर लावायचे असत आणि दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी यायला हव्यात. उलट लावले की बोर्डाचं तेरावं. समोरच्या बटनापर्यंत चक्क २३० व्होल्टची जाड केबल यायची. बंद करताना विंडोज पंचाण्णव 'आता बंद करायला हरकत नाही' अशी पाटी दाखवायचं आणि मग आपण हातानं खट्‌कन बटन दाबायचं. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स हा नवा आराखडा काढला. एकच वीस पिनांचा कनेक्टर, त्यामुळे उलट लागायची भीती गेली. कॉम्प्युटर स्वतःचा स्वतः बंद होऊ लागला, कारण मुख्य सप्लाय बंद असला तरी पाच व्होल्टची एक बारीकशी लाईन आत जागी राहते. बटन दाबलं की तीच मोठ्या सप्लायला उठवते. हिरवी वायर काळीला टेकवली की सुटा एसएमपीएस सुरू होतो, ही प्रत्येक कारागिराची पहिली परीक्षा त्याच एटीएक्सची देणगी.

तर माझ्या माळ्यावरचा डबा हा एटीएक्स, २००३ चा. परवा चार स्क्रू काढून तो उघडला. (ताजा वापरातला डबा कोणी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले कॅपॅसिटर बराच वेळ झटका देऊ शकतात. हा वीस वर्षं मेलेला होता.)

आत जे होतं त्यापेक्षा जे नव्हतं तेच जास्त दिसलं. प्लगच्या तोंडाशी विजेतला कचरा गाळायला दोन कॉइल आणि काही कॅपॅसिटर असायला हवेत. हिरव्या-तपकिरी पाटीवर त्यांची चित्रं छापलेली आहेत, नंबर दिलेले आहेत, भोकंही पाडलेली आहेत. पण कॉइलच्या जागी वाकवलेली साधी तार आणि कॅपॅसिटरच्या जागा रिकाम्या. म्हणजे ज्यानं हा आराखडा केला त्याला सगळं माहीत होतं. नंतर कोणीतरी पेन घेऊन बसला आणि एकेक वस्तू खोडत गेला. उष्णता शोषणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बिस्किटाच्या पत्र्याएवढ्या पातळ. ट्रान्सफॉर्मर लिंबाएवढा. एका बाजूला तो लाल खटका, ११५ आणि २३० चा. कॉलेजात कोणीतरी गंमत म्हणून तो ११५ वर सरकवायचा आणि मग फटाका फुटायचा, तोच.

यातली एक विचित्र गोष्ट सांगतो. चांगल्या एसएमपीएसमधली ती गाळणी डब्याच्या पत्र्याला जोडलेली असते आणि पत्रा अर्थिंगला. आपल्या जुन्या घरांत अर्थिंगची पिन नुसती शोभेला. त्यामुळे चांगला सप्लाय असलेल्या कॅबिनेटला हात लावला की बारीक झिणझिण्या यायच्या, आणि गाळणीच काढून टाकलेल्या स्वस्त डब्याला फारशा यायच्या नाहीत. लोक म्हणायचे, हा स्वस्तातला बरा, शॉक मारत नाही!

आता स्टिकर वाचू. +५ व्होल्टला ३५ अँपिअर, +३.३ ला २८, +१२ ला १६. गुणाकार करा. १७५, ९२ आणि १९२. बेरीज साडेचारशेच्या वर जाते. म्हणजे चारशे वॅट लिहून दुकानदारानं उलट विनयच दाखवला म्हणायचा! पण ही बेरीज खोटी असते. या तिन्ही लायनी एकाच लिंबाएवढ्या ट्रान्सफॉर्मरमधून निघतात. एकीला पूर्ण दिलं की दुसरीला उरत नाही. तिन्ही मिळून एका वेळी किती, हा खरा प्रश्न, आणि तो आकडा माझ्या स्टिकरवर कुठेच नाही. शिवाय आणखी एक भानगड. पेंटियम फोर २००० च्या शेवटी आला तेव्हापासून प्रोसेसरला लागणारी वीज १२ व्होल्टच्या लायनीतून घेतली जाऊ लागली. त्याच्यासाठी चार पिनांचा वेगळा कनेक्टर आला. स्वस्त डबे करणाऱ्यांनी काय केलं, जुनाच पाच व्होल्टच्या जमान्यातला आराखडा ठेवला आणि त्याला हा चार पिनांचा कनेक्टर लोंबकळवून दिला. माप जुनं, शेपटी नवी.

अकरापैकी आठवा कॉम्प्युटर काकांचा होता.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आयुष्यभर वीज मंडळात, त्यातलं बहुतेक कोराडीला. १९९८ ला रिटायर झाले. कोराडीचा पहिला १२० मेगावॅटचा संच १९७४ ला सुरू झाला, १९७६ पर्यंत तसे चार झाले, १९७८ ला २०० चा पाचवा आणि १९८३ पर्यंत २१० चे आणखी दोन. एकूण अकराशे मेगावॅट. हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ आहेत, कारण लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्यांच्या क्वार्टरवर राहायचो आणि ते झोपताना गोष्टीऐवजी हेच सांगायचे. बॉयलर पहिल्यांदा पेटवला ती रात्र, राखेनं पांढरं होणारं वाळत घातलेलं धोतर, मशीन ट्रिप झालं की अख्ख्या कॉलनीला येणारी ती अचानक शांतता.

रिटायर झाल्यावर त्यांना हे सगळं लिहायचं होतं. हाताला थोडा कंप सुटला होता, म्हणून कॉम्प्युटर. २००३ च्या दसऱ्याला मी तो जोडून दिला. सेलेरॉन, १२८ एमबी रॅम, ४० जीबीची डिस्क. बरहा टाकून दिलं, मराठी टाइप करायला शिकवलं. एकेका बोटानं शोधत शोधत ते रोज पान-अर्धं पान लिहायचे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नव्वदच्या वर पानं झाली होती. मी सीडी रायटरचेही पैसे वाचवले होते, त्यामुळे बॅकअप म्हणाल तर एक फ्लॉपी, तीत सुरुवातीची बारा पानं.

२००४ चा मे. नागपूरचा मे म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. (पुढे २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ वर गेला होता, यावरून अंदाज करा.) दुपारी लाईन गेली, थोड्या वेळानं आली, आली ती जोरात. काकांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि मागून फट्‌ असा आवाज झाला. धूर, जळका वास. मला फोन आला तेव्हा काकूच घाबरलेली होती, काका शांत होते. मी संध्याकाळी गेलो. एसएमपीएस गेलेला होता, तो शंभर-दीडशेत दुरुस्त झाला असता. पण जाताना त्यानं मदरबोर्ड आणि डिस्क दोन्ही नेले होते. डिस्कच्या खालच्या हिरव्या पाटीवर एक काळा डाग. मुंबईला पाठवून आतलं काढता येईल असं कळलं, पण सांगितलेला खर्च जवळजवळ कॉम्प्युटरएवढा आणि खात्री काहीच नाही. काका नको म्हणाले.

यूपीएस नव्हता हे खरं. पण धडधाकट एसएमपीएस अशा झटक्यात स्वतः मरतो, दुसऱ्याला मारत नाही. व्होल्टेज हाताबाहेर चाललंय असं दिसलं की त्यानं स्वतःला बंद करून घ्यायचं असतं. ती राखण करणारे भागही आमच्या डब्यात त्या पेनवाल्यानं खोडले होते.

मी काकांना समजावत होतो. उन्हाळा फार आहे, व्होल्टेज वरखाली होतं, नशीब वगैरे. काकांनी तो डबा हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून स्टिकर वाचलं आणि विचारलं, "बाबू, हे चारशे कोणी मोजले रे?"

मी म्हणालो, कंपनीनं मोजले असतील ना.

ते म्हणाले, "आमच्या मशीनवर एकशेवीस लिहिलं होतं, तर एकशेवीस काढून दाखवल्याशिवाय आम्ही ते ताब्यात घेतलं नव्हतं." एवढंच. मला एका शब्दानं बोलले नाहीत. चहा प्यायला लावला आणि निघताना तो डबा माझ्या पिशवीत घातला, "घेऊन जा, तुला पार्ट कामाला येतील." नऊशे रुपये मी वाचवले होते हे त्यांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

तो प्रश्न मला नंतर बरीच वर्षं पुरला. कारण पुढच्या वीस वर्षांत या स्वस्त डब्यांचं जे काही झालं, ती सगळी 'कोणी मोजले' याचीच गोष्ट आहे.

फेब्रुवारी २००३ मध्येच, म्हणजे आमचा दसरा व्हायच्या आधी, इंटेलनं आराखडा बदलला होता. कनेक्टर चोवीस पिनांचा झाला आणि डब्याची मुख्य ताकद १२ व्होल्टमध्ये असावी असं ठरलं. नागपूरच्या कॅबिनेटांपर्यंत ते पोचायला काही वर्षं गेली. युरोपात २००१ पासून असल्या उपकरणांना विजेची लाट वेडीवाकडी ओढायला बंदी आली. तिथे विकायचं तर डब्यात त्यासाठी वेगळं सर्किट घालणं भाग पडलं. आपल्याकडे घरगुती ग्राहकाला त्याचा भुर्दंड बसत नव्हता, म्हणून आपल्या वाट्याच्या डब्यांत ती जागाही रिकामी. मग २००४ मध्ये अमेरिकेत '८० प्लस' नावाची योजना सुरू झाली. डबा स्वतंत्र प्रयोगशाळेत पाठवायचा, तिथे त्याच्यावर २०, ५० आणि १०० टक्के भार टाकायचा, आणि तिन्ही वेळा ८० टक्के वीज कामाला आली पाहिजे. २००८ पासून त्याचे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे वर्ग झाले.

ही योजना खरं तर वीज वाचवायला काढली होती. पण गंमत अशी झाली की शंभर टक्के भार टाकून बघायचा म्हटल्यावर डब्याला शंभर टक्के द्यावेच लागतात. लिहिलेले चारशे आणि खरे दोनशे, हा डबा त्या परीक्षेत बसूच शकत नाही. कोणी सत्य शोधायला निघालं नव्हतं. विजेची बचत मोजता मोजता खरे वॅटही मोजले गेले.

बचतही थोडीथोडकी नाही. कॉम्प्युटरला आत शंभर वॅट लागतात असं धरा. ६५ टक्के कामाचा जुना डबा प्लगमधून १५४ वॅट ओढतो, त्यातले ५४ डब्यातच तापून जातात. ८५ टक्क्यांचा नवा ओढतो ११८, तापतात १८. मे महिन्यात ४४ अंशांच्या खोलीत पत्र्याच्या डब्याला आणखी ५४ वॅटची शेगडी लावणं म्हणजे काय होत असेल? आत जे कॅपॅसिटर असतात, त्यांचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, असा इंजिनिअरांचा ठोकताळा आहे. त्यात त्या वर्षांत, ढोबळमानानं १९९९ ते २००७, जगभर सदोष रसायनाच्या कॅपॅसिटरांची साथच आली होती. डोकी फुगलेले, तपकिरी पाणी गळणारे कॅपॅसिटर ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवेल. आणि आपण काय करायचो, तर कॉम्प्युटरला गरम होतं म्हणून तो कूलरसमोर ठेवायचो. खसाच्या वासाची दमट हवा थेट आत. वास छान यायचा, पत्रा गंजायचा.

आता टेबलावरचा दुसरा डबा. पोराचा. त्याच्या स्टिकरवर १२ व्होल्टला ३४ अँपिअर आहेत, म्हणजे ४५० पैकी ४०८ वॅट एकाच लायनीत. तिन्ही लायनी मिळून किती, तेही छापलंय. लाल खटका नाही. गाळणीतली एकही जागा रिकामी नाही. ५ आणि ३.३ व्होल्ट हे १२ मधूनच छोट्या वेगळ्या पाटीवर तयार होतात, त्यामुळे एकीचा भार वाढला म्हणून दुसरी हलत नाही. व्होल्टेज वाढलं, भार वाढला, शॉर्ट झालं, तर बंद व्हायची सोय आहे. ब्राँझ आहे, म्हणजे निम्म्या भारावर ८५ टक्के. २०२० मध्ये तर इंटेलनं डब्यातून फक्त १२ व्होल्टच बाहेर काढायचा आराखडाही मांडलाय, बाकीचं मदरबोर्डनं बघावं. आणि किंमत? पंचवीसशेच्या आत मिळाला होता. महागाई धरली तर २००३ चा चांगला डबा आणि हा, यांत फार अंतर नाही. अंतर आहे ते माझ्यात. या खेपेला पोराचं कोटेशन मी एसएमपीएसपासून लिहायला सुरुवात केली.

जुनं ते वाईट आणि नवं ते चांगलं, असं मात्र लिहवत नाही.

एक तर, तो चारशे वॅटचा डबा अजून मेलेला नाही. ४५० लिहिलेले, परीक्षेचा कसलाही शिक्का नसलेले हलके डबे आजही कॅबिनेटसोबत मिळतात, हॉटेलच्या गल्ल्यावर, शाळेच्या लॅबमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात बसतात. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश आपल्याकडे २०१२ मध्ये निघाला आणि त्याची यादी टप्प्याटप्प्यानं वाढत गेली, पण त्यात बघितली जाते सुरक्षितता. स्टिकरवरचे वॅट खरे की खोटे, हे ज्यानं त्यानं बघायचं.

दुसरं म्हणजे, जुना डबा दुरुस्त व्हायचा. इतवारीत एक कारागीर होते, जिन्याखालच्या खोपटात बसायचे. सोल्डरिंगची बंदूक, एक मीटर आणि शंभर वॅटचा बल्ब एवढ्या सामानावर चालायचं. बल्ब प्लगच्या रांगेत जोडायचा, म्हणजे आत शॉर्ट असेल तर डबा न फुटता बल्ब पेटतो. दोन ट्रान्झिस्टर, चार डायोड, एक फ्यूज, दोन कॅपॅसिटर बदलले की डबा परत उभा. ज्या जागा रिकाम्या असत तिथे मागितलं तर भंगारातले भाग काढून बसवूनही द्यायचे. त्या पेनवाल्यानं खोडलेलं हा माणूस वीस-वीस रुपयांत परत लिहायचा. मागच्या वर्षी ऑफिसातला एक बंद पडलेला नवा डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. आता त्यांचा मुलगा बसतो. त्यानं उघडला, तांदळाच्या कणीएवढे भाग आणि वरून ओतलेला पांढरा डिंक बघितला आणि परत बंद केला. "वॉरंटीत असल तर पाठवून द्या भाऊ, नसल तर फेका. याच्यात हात घालाले जागाच नाही." खरा वॅट मिळाला, त्याच्यासोबत हेही आलं. नव्या डब्याचं आयुष्य जुन्याच्या दुप्पट असेलही, पण मेला की मेला.

काकांनी परत लिहायला घेतलं होतं. या वेळी वहीत, दोनशे पानी, कंप सुटलेल्या हातानं. मी नवा कॉम्प्युटर जोडून देतो म्हणालो, चांगला एसएमपीएस घालून, माझ्या पैशानं. ते म्हणाले, आता वहीच बरी. २०११ मध्ये ते गेले. वही चुलत बहिणीकडे आहे. एकतीस पानं भरली आहेत. पाचव्या संचापर्यंत येऊन थांबली आहेत. पहिल्या संचाची रात्र त्यात चार ओळींत आहे. कॉम्प्युटरवर ती सहा पानं होती, मी स्वतः वाचली होती. बॉयलर पेटल्यावर कोण रडलं, कोणी कोणाला मिठी मारली, कोणाच्या बायकोनं रात्री दोन वाजता सगळ्यांसाठी पोहे करून पाठवले, सगळी नावं होती. मला त्यातली दोनच नावं आठवतात. एकदा लिहून झालेली गोष्ट माणूस दुसऱ्यांदा लिहितो तेव्हा हात आखडता घेतो, असं मला त्या वहीवरून वाटतं. ते जुने चार संच आता बंद झाले, त्यांच्या शेजारी ६६० मेगावॅटचे तीन उभे राहिले. ती रात्र पाहिलेलं आमच्या ओळखीत आता कोणी उरलेलं नाही.

नऊशे रुपये. त्या काळी माझ्या पगाराचा बऱ्यापैकी तुकडा होता, पण काकांनी मागितल्याबरोबर दिले असते. मी विचारलंच नाही. आपण फार हुशारीनं खरेदी केली, या आनंदात होतो.

तर आत्या, मामा, मावशी, सर... तुमच्या कॉम्प्युटरांतही तोच डबा होता. अकरापैकी चार पहिल्या तीन वर्षांत गेले, तेव्हा मी प्रत्येक वेळी "व्होल्टेजचा प्रॉब्लेम" असं सांगून मोकळा झालो. व्होल्टेजचा प्रॉब्लेम होताच. पण तो माझाही होता, हे आज सांगून टाकतो. आणि काकू, तुम्हाला हे तुमची लेक वाचून दाखवेल तेव्हा मला फोन करा. रागावलात तरी चालेल.

डबा परत बेडशीटच्या तुकड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. बायकोनं या वर्षी विचारलं नाही. पोरानं विचारलं, "बाबा, हा चारशेचा आहे ना, मग माझ्या जुन्या बोर्डाला चालेल?"

मी त्याला वजनकाटा आणायला सांगितला.